गॅरेजमध्ये न येणारा वास

व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास येतो, हे सगळ्यात आधी बोलली केजीतली एक मुलगी. ती मागच्या आडव्या बाकावर बसायची. एका सकाळी पलासियाच्या चौकात तिने फ्रॉकचा घोळ उचलून नाकाला लावला आणि म्हणाली, "दीदी, बदबू आ रही है." बाकीच्या मुलांनी लगेच एकमेकांकडे बोटं दाखवली आणि गाडीभर खिदळणं सुरू झालं. मला हसू आलं नाही, कारण तो वास मलाही आला होता.

व्हॅन आमचीच होती. बाबा चालवायचे आणि मी पुढे बसून मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करायची. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि नोकरीच्या नावाने सगळीकडून नन्नाचा पाढा ऐकत होते. बाबा म्हणाले, घरात बसून आईचं डोकं खाण्यापेक्षा गाडीत बस. बसले.

त्याआधी बाबांनी उभं आयुष्य परदेशीपुऱ्याजवळच्या एका कापडमिलमध्ये फिटर म्हणून काढलं होतं. वाफेचे पाइप, त्यांचे जोड, त्यांचे व्हॉल्व्ह, हे त्यांचं राज्य. मिल एकदम बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग पगार लांबायला लागले, मग एके दिवशी गेटला कुलूप आणि बाहेर पोलीस. आमच्या गल्लीतले पुरुष तरीही बरेच दिवस सकाळी आंघोळ करून, डबा न घेता, गेटापर्यंत जाऊन यायचे. बाबा गेले नाहीत. आजोबा महूला फौजेत होते, त्यांचा तुसडा स्वभाव बाबांकडे आलेला. "मेलेल्याच्या दारात रोज काय जायचं," म्हणाले आणि गाडी चालवायला शिकले.

शहराला तेव्हा नव्याचं वेड लागलं होतं. चकचकीत मोटारी रस्त्यावर यायला लागल्या होत्या, इंग्रजी शाळा पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, आणि पोरांना शाळेत सोडायला आईबापांना वेळ उरला नव्हता. ज्यांनी नव्या गाड्या घेतल्या, त्यांच्या जुन्या गाड्या आमच्यासारख्यांच्या दारात आल्या. मिलकडून जे काही तुकड्या-तुकड्याने मिळालं, त्यातून बाबांनी ही व्हॅन घेतली. आली तेव्हा तिचं एकही अंग धड नव्हतं. बाबांनी महिनाभर स्वतः तिच्यावर हात चालवला. खिडक्यांना गज लावले, बाक जोडले, सरकत्या दाराची कडी बदलली, जिथे जिथे गळत होतं तिथे सूत गुंडाळून आवळलं. मेकॅनिकला गाडी फक्त वरून बघायला मिळाली. खाली माझा हात लागलाय, असं बाबा त्याला सांगायचे, आणि तो बिचारा मान हलवायचा.

तर हा वास. तो रोज आला असता तर काम सोपं होतं. पण तो दोन दिवस यायचा आणि नंतर आठवडाभर गायब. पुन्हा एका सकाळी दार सरकवलं की भसकन नाकात. सगळा घरखर्च या व्हॅनवर होता. व्हॅन थांबली तर चूल थांबणार, हे आम्ही उघड बोलायचो. व्हॅन पेटली तर काय, हे वाक्य घरात कुणी पुरं करत नव्हतं. आत बारा-चौदा पोरं कोंबलेली असायची आणि त्यांना बाहेर पडायला एकच दार.

मी बाबांना सांगितलं की ते शांतपणे उतरायचे. गाडीला वळसा घालून टाकीचं झाकण उघडायचे, त्याला नाक लावून लांब श्वास घ्यायचे, मग इंजिनापाशी वाकून तसाच श्वास. वैद्य नाडी बघतो तसा चेहरा. "काही नाही," म्हणायचे. "तुला उगीच शक येतो."

"बाबा, मला येतोय. मुलांना येतोय."

"पेट्रोलची गाडी आहे, थोडा तर येणारच ना."

आणि मग ते रोजच्यासारखी उदबत्ती लावायचे. समोरच्या काचेखाली बुद्धांची छोटी तसबीर होती, तिच्यापुढे उदबत्ती लावल्याशिवाय गाडी हलायची नाही. काडी पेटली की मी माझ्या बाजूची काच खाली करायची. मी एकदा काड्यापेटी लपवून ठेवली. बाबांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून दुसरी आणली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आई माझ्या बाजूने होती. तिने त्यांचा शर्ट हुंगून माझ्यासमोर धरला. "अहो, हा बघा ना, शर्टालासुद्धा येतोय." बाबा म्हणाले, "आपला गॅस बघ आधी, तोच लीक असेल." आईने गॅस बघितला. गॅस ठीक होता. शर्ट तिने दोनदा धुतला.

शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून बाबा पोलोग्राउंडच्या गॅरेजला गाडी न्यायला तयार झाले. पण आमच्याकडे गॅरेजला गाडी द्यायची एक रीत आहे. टाकी रिकामी करून द्यायची. भरलेली टाकी गॅरेजवाल्याच्या हाती देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं, असं गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरवाल्याचं ठाम मत होतं. बाबा तर या बाबतीत फारच काटेकोर. काटा पार तळाला टेकेपर्यंत गाडी चालवायचे, आणि पोलोग्राउंडपर्यंत कशीबशी पोचेल एवढंच आत ठेवायचे. एकदा तर शेवटचा पल्ला आम्ही ढकलत गेलो.

मेकॅनिक चांगला माणूस होता. गाडीखाली गेला, सगळं कोरडं बघून वर आला, हात पुसत म्हणाला, "अंकलजी, मेरे को तो कुछ नी आ रिया."

"बघ," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, कारण त्या वेळी मलाही वास येत नव्हता. मेकॅनिकने तरी झाकणाचा वायसर बदलला. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्या खेपेला इंजिनाकडची पेट्रोलची नळी नवी घातली. दर वेळी गाडी गॅरेजमध्ये अगदी साळसूद, आणि दर वेळी काही दिवसांनी वास परत. मेकॅनिक मला जरा बिचकून बघायला लागला. या मुलीच्या डोक्यातच काही आहे, असं त्याला वाटत असावं. मलाही रात्री पडल्या पडल्या तसंच वाटायला लागलं होतं. आपण घरातल्या एकुलत्या एक कमावत्या वस्तूच्या मागे हात धुऊन लागलोय, बाबांचा हा दुसरा धंदाही आपल्याच तोंडाने बुडणार, असं. पण सकाळ झाली की मागच्या बाकावर ती केजीतली मुलगी फ्रॉक नाकाला लावून बसलेली दिसायची.

एका दुपारी तिला सोडायला गेलो तर तिची आई जिन्याखाली उभी होती. बँकेत होती ती, त्या दिवशी मुद्दाम लवकर आलेली. बाबांना म्हणाली, "भाईसाब, बच्ची रोज बोलती है, पेट्रोल की स्मेल आती है. आपने दिखवाया?"

बाबा हसले. "मैडम, पेट्रोल की गाड़ी में पेट्रोल की ही स्मेल आएगी, गुलाब की थोड़ी आएगी."

ती हसली नाही. मुलीचा हात धरून वर गेली. मला बाबांचा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. माणूस आडमुठा असावा, पण दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर?

मग ती थंडीतली सकाळ आली. आदल्या संध्याकाळी दोन-तीन पालकांनी पैसे दिले होते आणि बाबांनी पंपावर जाऊन टाकी फुल करून घेतली होती. हाती पैसे आले की आधी टाकी भरायची, उद्याचा काय भरवसा, हा त्यांचा मिल बंद झाल्यानंतरचा स्वभाव. थंडीमुळे मुलांनी काचा बंद केल्या होत्या. निम्मी मुलं चढेपर्यंत वास इतका वाढला की एक मुलगा डोळे चोळायला लागला. मी काचा उघडायला लावल्या. पलासियाच्या अलीकडे गाड्यांची ही गर्दी, आणि आम्ही मधोमध अडकलो. डाव्या हाताला एक चहाची गाडी होती, तिच्यावरचा रॉकेलचा स्टो भडभडून पेटलेला. आमच्या आणि त्याच्या मध्ये जेमतेम एक सायकल मावली असती.

"बाबा, गाडी बंद करा."

"भर रस्त्यात?"

"बंद करा म्हणते ना!"

"सिग्नल सुटू दे."

मी हात घातला, चावी फिरवली आणि काढून घेतली. इंजिन बंद झालं. मग उडी मारून मागे गेले, दार सरकवलं आणि एकेका पोराला बखोट धरून फुटपाथवर उतरवलं. मागून हॉर्नचा कल्ला. कोणीतरी ओरडलं, "ओ भिया, गाड़ी हे के बारात हे?" चहावाला माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हणाले, स्टो बंद कर. माझा आवाज काय लागला होता कोण जाणे, त्याने निमूटपणे बंद केला.

बाबा स्टिअरिंगवरच होते. मी परत जाऊन दप्तरं काढायला लागले, तेव्हा ते समोर बघत, अगदी हळू म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नको." एवढ्या लोकांत मुलीने चावी काढून घेतली, हे त्यांना मिलच्या कुलपापेक्षा जास्त लागलं होतं. त्यांच्या मानेची शीर उडत होती. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली, पण चावी मी दिली नाही.

तेव्हाच माझी नजर समोरच्या काट्यावर गेली. चावी काढल्यावरही त्या गाडीचा काटा जागेवरच अडकून राहायचा. तो पार वर होता. टाकी फुल. गॅरेजमध्ये मेकॅनिक स्टिअरिंगवर बसून मान हलवायचा, तेव्हा तोच काटा कुठे असायचा, ते मला डोळ्यांपुढे दिसलं. पार खाली. तिन्ही वेळा खाली. इतके दिवस आम्ही आजार नसलेल्या दिवशी रोग्याला डॉक्टरकडे नेत होतो, आणि तेही स्वतःच त्याला बरा करून!

शाळा जवळच होती. मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून मी चालत नेलं आणि दुपारी त्यांना न्यायला यायचा निरोप पालकांना शाळेतूनच दिला. बाबांनी चार माणसांच्या मदतीने गाडी बाजूला ढकलली आणि दुपारी, रहदारी कमी झाल्यावर, माझ्याकडून चावी घेऊन कशीतरी घरी आणली.

घरी मी सगळं सांगितलं. टाकी आत्ता भरलेली आहे, वास आत्ता आहे, गाडी आत्ता दाखवायला हवी. बाबा उखडले. "भरलेली टाकी गॅरेजला देऊ? वेडी झाली का?"

"मग गॅरेजला देऊच नका," आई म्हणाली. ती भाकरी टाकत होती. तिने अर्धी भाजलेली भाकरी तशीच ठेवून गॅस बंद केला, शेजारणीला सिगडी आत घ्यायला सांगितली आणि पदर खोचून अंगणात आली. "इथेच बघा. ती बघेल. तुम्ही काड्यापेटी माझ्याकडे द्या."

बाबांनी काड्यापेटी दिली.

मी बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. पाठीला फरशी गार लागत होती आणि डोक्यात एकच विचार, की आता काहीच सापडलं नाही तर? गाडीच्या बाजूला टाकीचं तोंड असतं, तिथून एक लोखंडी नळी खाली येते आणि रबराच्या एका तुकड्याने टाकीला जोडलेली असते. बॅटरी तिथे नेली. रबरावर जाडजूड सूत गुंडाळलेलं होतं, ओळीला ओळ लावून, इतकं देखणं की कुणालाही कौतुक वाटावं. वर फट बुजवायला साबणाचा हात दिलेला. साबण वाळून त्याच्या खपल्या उडाल्या होत्या. मी सुताला बोट लावलं. समईतल्या वातीसारखं ते चिंब होतं. त्याच्या सुटलेल्या टोकाशी एक थेंब जमत होता, पण जमिनीवर पडायच्या आत उडून जात होता, म्हणून खाली कधी डाग दिसला नाही. तिथून वीतभरावर सायलेन्सरची नळी होती, जी गाडी चालली की चटका बसेल इतकी तापते.

मी बाहेर आले. इतके दिवस वाटायचं की मी खरी ठरले की बाबांना चांगलं सुनावीन. "बाबा," म्हटलं, "तुमचं सूत आहे."

ते स्वतः खाली गेले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मिलमध्ये वाफेचा किंवा पाण्याचा जोड गळला की फिटर त्यावर सूत गुंडाळतो. पाणी लागलं की सूत फुगतं आणि जोड घट्ट धरतं. हजार जोड बाबांनी असे धरले असतील. पण पेट्रोलने सूत फुगत नाही, ते पेट्रोल पीत जातं. टाकी भरली की पेट्रोल त्या जोडापर्यंत चढायचं आणि सूत ते ओढून बाहेर आणायचं. टाकी अर्धी झाली की सूत वाळून जायचं आणि गाडी पुन्हा सज्जन. मिलच्या फिटराशिवाय ही चूक कुणाला करता आली नसती.

बाबा बाहेर आले तेव्हा ते सूत त्यांच्या हातात होतं. "वाफ असती तर धरलं असतं," एवढंच म्हणाले. मग नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धूत बसले.

मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने टाकी उपसली, नवा रबरी पाइप घातला, दोन्हीकडे पट्ट्या आवळल्या, आणि टाकी पुन्हा तुडुंब भरून बघितली. कोरडं. मी म्हणाले, झालं, संपलं, आता कुणाला काही सांगायची गरज नाही. मुलांच्या तोंडून काय कळलं असेल तेवढं पुरे.

"असं नसतं," बाबा म्हणाले. "पाळी बदलताना आपण जे कच्चं ठेवलं, ते पुढच्याला तोंडाने सांगून जायचं असतं. नाही सांगितलं अन् त्याचा हात भाजला, तर तो आपण भाजला." मी त्यांना एवढं लांब वाक्य कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही घरोघर गेलो. प्रत्येक दारात बाबा चपला काढून उभे राहायचे आणि सांगायचे की गाडीचा दोष नव्हता, जोड मी बांधला होता, तो चुकीचा होता, आता बदललाय. मला वाटायचं जमीन दुभंगून आत घ्यावं. एका घरी त्या गृहस्थांनी पुरतं ऐकूनही न घेता आपली दोन्ही मुलं काढून घेतली. एका घरी चहा मिळाला. बाकीच्यांनी मान डोलावली. उद्या दुसरी गाडी कुठून आणणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

केजीतल्या मुलीचं घर शेवटी राहिलं. मला वाटतं ते बाबांनी मुद्दामच शेवटी ठेवलं. तिची आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मग तिने विचारलं, "बच्ची को आ रही थी. आपकी बेटी को आ रही थी. आप रोज उसी गाड़ी में बैठते हो. आपको नहीं आई?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे हात पाठीमागे होते.

"मुझे नहीं आती मैडम," ते म्हणाले. "किसी चीज़ की नहीं आती. मिल में ब्लीचिंग के पाइप पे बहुत साल रहा. वहीं गई."

मला काही क्षण कळलंच नाही. मग ते टाकीच्या झाकणाशी वाकणं, तो लांब श्वास, तो 'काही नाही', सगळं एकदम कळलं. ते खोटं बोलत नव्हते. जे आलं ते सांगत होते. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे.

ती बाई म्हणाली, "कल सुबह मैं खुद नीचे आऊँगी. खुद सूँघूँगी. तब बिठाऊँगी."

"सूँघिए मैडम," बाबा म्हणाले. "रोज सूँघिए."

आम्ही जिना उतरलो. खाली गाडीपाशी आल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि दार उघडायला सांगितलं. मी कुलपाशी झटत असताना मागून म्हणाले, "आईला हे सांगू नको."

"का?"

"रोज ताटावर बसलो की तिला म्हणतो, काय वास सुटलाय."